बाळाची झोप आणि आईबापाची विश्रांती

घरात बाळ जन्माला आले की सारे घर आनंदून जाते. नामकरण होते, पेढे वाटले जातात, पाहुणे येऊन जातात. परंतु पाहुणे गेल्यानंतर ज्या रात्री सुरू होतात त्यांचा विचार आपण फारसा करीत नाही. बाळ दर दोन-तीन तासांनी रडते. आई उठते, पाजते, थोपटते आणि पहाटे पुन्हा चुलीपाशी उभी राहते. आमच्या हिंगणी परिसरात कापूस वेचणीच्या दिवसांत हीच बाई सकाळी शेतातही जाते. तिच्या जागरणाचा हिशेब कोणी ठेवीत नाही. बाळाला झोपेची सवय कशी लावावी, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. पण ती सवय लागेपर्यंत आईबापाने आपली प्रकृती कशी सांभाळावी, हे विचारणारे विरळाच. म्हणून येथे दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करण्याचे आम्ही ठरविले आहे.

प्रथम बाळाची झोप समजून घेऊ. नवजात बाळ दिवसरात्र मिळून सुमारे १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याचे पोट लहान असते, त्यामुळे त्याला वारंवार भूक लागते. दिवस आणि रात्र यांतील फरक त्याच्या शरीराला पहिल्या काही महिन्यांत हळूहळू कळू लागतो. तेव्हा या काळात बाळ रात्री उठते यात बाळाचा हट्ट नाही आणि आईचा दोषही नाही. पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यायचे असते. म्हणून झोप शिकविण्यासाठी रात्रीचे पाजणे तोडू नये.

साधारण सहा महिन्यांनंतर, वजन नीट वाढत असेल तर, झोपेची शिस्त लावता येते. रोज ठरलेल्या वेळी अंग पुसावे, दूध पाजावे, दिवा मंद करावा, अंगाई म्हणावी. डोळे जड झाले की, पूर्ण झोप लागण्यापूर्वीच अंथरुणावर ठेवावे. रात्री कुरकुरले तर लगेच न उचलता दोन-चार मिनिटे थांबावे, मग जवळ जाऊन थोपटावे. बाळ आजारी असेल तेव्हा ही शिस्त बाजूला ठेवावी. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी अशी सवय लावलेल्या बालकांचा पाच वर्षांनी पाठपुरावा केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार या मुलांना कोणताही अपाय झालेला आढळला नाही.

पण या शिस्तीच्या पहिल्या काही रात्री फार कठीण जातात. आईच अर्धमेली झाली असेल तर तिच्याकडून धीर कसा धरला जाईल? आधार नसलेली माता काय करते, याचा दाखला आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देत असत. त्या गोळीत अफू असे. मूल गुंगीत पडून राही आणि आई कामावर जाई. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी या कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक बालकांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदविले. त्या माता निर्दय नव्हत्या. त्यांना रजा नव्हती आणि घरी मूल सांभाळायला कोणी नव्हते.

हे दुखणे ओळखूनच प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. २०१७ साली नोकरदार स्त्रियांची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण रोजीने निंदण-वेचणीला जाणाऱ्या आमच्या भगिनीला ही रजा कोण देणार? ती घरानेच दिली पाहिजे.

त्यासाठी पैसा लागत नाही. रात्र वाटून घ्यावी. पहिला प्रहर वडिलांनी सांभाळावा, बाळ भुकेले असेल तेव्हाच आईला उठवावे. सलग चार तास झोप मिळाली तरी माणूस सावरतो. दिवसा बाळ झोपले की आईनेही पडावे; भांडी दुसऱ्याने घासावीत. सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवण्याची रीत निदान या काळात तरी मोडावी. सासूबाईंनी 'आम्ही नाही का केले?' असे न म्हणता तासभर नात मांडीवर घ्यावी. वडिलांचीही झोप मोडते, हे विसरू नये. जागरणानंतर फवारणी करणे किंवा मोटारसायकलने दूर जाणे धोक्याचे आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या भावंडांनीही संध्याकाळी तासभर बाळाला घ्यावे.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. झोपेसाठी अफू, खोकल्याचे औषध किंवा कोणतीही गुंगीची वस्तू बाळाला देऊ नये. बाळाला उताणे निजवावे, तोंडाजवळ मऊ उशी ठेवू नये. दारू प्यालेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. रडण्याने डोके फिरू लागले तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटे अंगणात जावे, कोणाला तरी हाक मारावी. बाळाला गदागदा हलवू नये. त्याने मेंदूला इजा होऊन जीवही जाऊ शकतो.

बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, बाळ झोपले तरी झोप येईना, जीव नकोसा वाटू लागला, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरी येतात. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. असे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नये.

समाजबांधवांना आमची एवढीच विनंती आहे की, बाळंतिणीला भेटायला जाताना झबले-टोपडे जरूर न्यावे, पण त्यासोबत एक तास वेळही न्यावा. बाळ आपल्या मांडीवर घ्यावे आणि तिला म्हणावे, 'बाई, तू आता नीज.'