बिजागरीची कुरकुर आणि कारागिराचे दाम

पनवेलकरांना वंगणाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. बैलगाडीची चाके बनविणे हा या गावाचा एके काळी प्रमुख धंदा होता, व तशी नोंद इंग्रजी अमदानीच्या गॅझेटिअरमध्येही सापडते. घाटावर जाणाऱ्या गाड्या येथूनच सुटत. चाक करकरू लागले की गाडीवान खाली उतरून आखाला वंगण घाली. ते दिवस गेले, १८५२ साली नगरपालिका झालेल्या पनवेलची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, पण करकर काही गेली नाही. आज आम्ही जिच्याबद्दल लिहीत आहोत ती कुरकुर मात्र दिवाणखान्यातली आहे.

कोकणातून आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मंडळींनी १९७० आणि ८० च्या दशकांत येताना जपानी म्युझिक सेंटर आणले. खाली टेप, मध्ये रेडिओ, वर रेकॉर्ड प्लेअर आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून पारदर्शक झाकण. मग कॅसेट आली, सीडी आली आणि हे सेट कपाटावर चढले. आता ते पुन्हा खाली उतरू लागले आहेत. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख. टेक्निक्स कंपनीने १९७२ मध्ये आणलेले आणि २०१० मध्ये बंद केलेले एसएल-१२०० हे यंत्र २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणले. ही हवा आपल्याकडेही पोहोचली आहे. वडिलांच्या वेळच्या कव्वालीच्या रेकॉर्ड काढून मुले विचारतात, हे चालू होईल का?

चालू होते. बेल्ट बदलतो, सुई मिळते. आणि मग झाकण उघडताना किर्रर्र असा आवाज येतो.

आमच्या एका परिचितांनी असाच सेट दुरुस्तीस दिला. दुकानातल्या पोऱ्याने गंज सोडविण्याचा फवारा बिजागरीवर भरपूर मारला. आवाज तत्काळ गेला व गिऱ्हाईक खूश झाले. आठवड्याने झाकणाच्या मागच्या कडेला केसासारख्या बारीक रेघा उमटल्या. त्यानंतर एके दिवशी, रेकॉर्ड चालू असताना, उघडे ठेवलेले झाकण आपोआप खाली आले. आर्मला धक्का बसून सुई वाकली. कुरकुर गेली होती, पण तिच्याबरोबर बिजागरीची पकडही गेली होती.

दुकानदार बंधूंनी लक्षात घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. दाराची बिजागरी केवळ फिरते, प्लेअरची बिजागरी मात्र झाकण तोलून धरते. तिच्या आत जोरदार स्प्रिंग असते आणि धातूचे किंवा प्लॅस्टिकचे भाग एकमेकांवर घासून झाकणाला जागच्या जागी थांबवितात. म्हणजे घर्षण हेच तिचे काम. खाडीकाठच्या दमट हवेत स्प्रिंगला गंज चढतो, कारखान्यात भरलेले ग्रीस वाळून मेणासारखे होते, त्यात धूळ बसते आणि आवाज सुरू होतो. सगळेच घर्षण काढून टाकले तर झाकण पडणारच.

दुसरी गोष्ट झाकणाची. ते बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टायरीनचे असते. रॉकेल, थिनर, पेट्रोल यांनी ते धुरकट होते किंवा तडकते. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटही सोसत नाही. म्हणून झाकण जागेवर ठेवून बिजागरीत काहीही ओतू नये.

आधी वीज बंद करावी, आर्म क्लिपमध्ये अडकवावा, सुईवर टोपी बसवावी. पुष्कळ मॉडेलांत झाकण पूर्ण उघडून दोन्ही बाजूंनी सरळ वर ओढले की निघते, काहींत स्क्रू असतात. दुसरा माणूस हाताशी असावा. झाकण निघाल्यावर बिजागरी हाताने सावकाश हलवून पाहावी. सावकाश म्हणण्याचे कारण असे की, वजन नसताना स्प्रिंग उसळते व बोट चेमटते. आता आवाज आला नाही तर दोष बिजागरीत नाही. झाकणाची खाच घासते आहे, स्क्रू सैल आहे किंवा प्लॅस्टिकचा कान तडकला आहे. तडकलेल्या कानाला दुकानाच्या पाट्या करणारा कारागीर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवून देऊ शकेल. हे काम रेडिओवाल्यापेक्षा त्याला अधिक जमते.

आवाज बिजागरीचाच असेल तर जुन्या टूथब्रशने धूळ व वाळलेले ग्रीस काढावे. मग काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे सिलिकॉन ग्रीस फिरत्या खिळीला लावावे, दहा-बारा वेळा उघडझाप करून वर आलेले पुसून टाकावे. शिलाई मशीनचे तेल घरोघरी असते, पण ते ओघळते आणि धूळ धरते. रिबेट मारलेली बिजागरी फोडू नये. काहींत ताण कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो, तो पाव फेराच फिरवावा.

आता दामाचा प्रश्न. ग्रीस लागते चिमूटभर, वेळ जातो तासभर. गिऱ्हाईक म्हणते, “भाई, थेंबभर तेलाचे एवढे पैसे?” या एका वाक्याच्या धास्तीने कित्येक कारागीर फवारा मारून मोकळे होतात, किंवा “झाकणच बदला” असे सांगतात. जुन्या मॉडेलचे झाकण तर सहजी मिळत नाही. आमच्या मते हातचलाखीपेक्षा पावती बरी. बिजागरी काढणे, सफाई, वंगण, तपासणी असे वेगवेगळे लिहावे आणि दाम काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे. पटले नाही तर गिऱ्हाईक सेट परत नेईल, वाकलेली सुई घेऊन भांडायला तरी येणार नाही.

सेट देताना झाकण अर्ध्यावर सोडून पाहावे, जिथे सोडले तिथेच राहिले पाहिजे. नंतर ते गिऱ्हाइकाच्याच हाताने दोनदा उघडायला लावावे, आणि पैसे त्यानंतर मागावेत.