बोटांवरच्या रेघा

२००९ च्या डिसेंबरात आमच्या पाचगणीच्या घरात चोरी झाली. एका लग्नासाठी आम्ही दोन दिवस साताऱ्याला गेलो होतो. परत येऊन पाहतो तो न्हाणीघराच्या खिडकीच्या दोन काचेच्या पट्ट्या काढून बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कपाट सताड उघडे आणि आईच्या पाटल्या नाहीशा!

शेजारीपाजारी जमले. पहिला प्रश्न आला, "घराची किल्ली कोणाकडे होती?" किल्ली आमच्या कामाच्या मावशींकडे होती. अकरा वर्षे त्या आमच्या घरात वावरत होत्या. "खिडकीचं नुसतं नाटक असेल," कोणीतरी हळूच म्हणाले. मी काही बोललो नाही. पण मनात पाल चुकचुकली, हे आज कबूल करायला हवे.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून ठसेतज्ज्ञ आले. मध्यम वयाचे, मितभाषी गृहस्थ. आल्याबरोबर त्यांनी पूड काढली नाही. आधी विजेरी तिरपी धरून काच न्याहाळली. आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक उंचवटे असतात, त्यांतून सतत घाम पाझरतो. हात चेहऱ्याला, केसांना लागतो, तेव्हा त्यात तेलकटपणा मिसळतो. वस्तूला बोट लागले की त्या उंचवट्यांची नक्षी तिथे उमटते. एरवी ती डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी मऊ ब्रशाने करडी पूड अलगद फिरवली आणि कोऱ्या काचेवर रेघा उगवू लागल्या. फोटो काढून झाल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलला आणि कार्डावर चिकटवला. "डिसेंबर आहे म्हणून बरं," ते म्हणाले. "तुमच्या इथल्या पावसात ओल्या काचेवर पुडीचा नुसता चिखल झाला असता."

कागदावर मात्र पूड फारशी उपयोगी पडत नाही, कारण घाम आत मुरतो. तिथे निनहायड्रिन नावाचे रसायन लावतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन ठसा जांभळा होतो. प्लास्टिकसारख्या वस्तू बंद पेटीत ठेवून झटपट चिकटणाऱ्या डिंकाची वाफ दिली, की ठसा पांढरा होऊन घट्ट बसतो.

मग त्यांनी घरातल्या सगळ्यांचे ठसे मागितले. आईने दिले, मी दिले. मावशींनी हात पदराखाली ओढून घेतले. माझ्या मनातला संशय लगेच वर आला. त्या म्हणाल्या, "माझ्या बापानं असाच अंगठा दिला व्हता दादा. वावर गेलं."

ठसेतज्ज्ञांनी शांतपणे सांगितले, "मावशी, हे ठसे तुम्हाला धरायला नाहीत, वगळायला घेतोय. घरच्यांचे बाजूला काढले, की परक्याचा उरतो." तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. भांडी घासून घासून रेघा इतक्या झिजल्या होत्या, की शाई दोनदा लावावी लागली.

मावशींची भीती काही उगाच नव्हती. या शास्त्राचा आपल्याकडचा उगमच मुळी करारात आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. हेतू हा, की पुढे त्याने हात वर करू नयेत. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलेली वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचा मोठा वाटा होता.

त्याच सुमारास जलपैगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तिथल्या एका पंचांगावर रक्ताळलेला ठसा सापडला. तो त्याच्या जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी नाही. हा फरक फार मोलाचा आहे. ठसा सांगतो, की या हाताने ही वस्तू धरली. केव्हा, कशासाठी, हे तो सांगत नाही. मावशींचे ठसे आमच्या घरभर होतेच. त्यांवरून काय सिद्ध होणार?

आपण लहानपणी बोटांवर शंख-चक्रे मोजतो. पण जुळवणी तेवढ्यावर होत नाही. एखादी रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, दोन फाट्यांमध्ये किती रेघा आहेत, हे भिंगाखाली एकेक करून पाहावे लागते. इंग्लंडमध्ये २००१ पर्यंत अशा सोळा खुणा जुळायला हव्यात असा दंडक होता. आता संगणक लाखो ठशांतून जवळचे चार-दोन काढून देतो. तरी अखेरचे मत माणसाचेच, आणि माणूस चुकतो. २००४ च्या माद्रिद बाँबस्फोटानंतर अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनी ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठसा जुळल्याचे छातीठोकपणे सांगितले. त्याला अटक झाली. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले. आधी मत बनवून भिंग हाती घेतले, की हवे तेच दिसू लागते.

मी तर भिंगाशिवायच मत बनवले होते.

काही आठवड्यांनी निकाल कळला. काढलेल्या काचेवर एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटे होती, पट्टी खेचून काढताना उमटतात तशी. ती आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. खिडकीचे नाटक नव्हते. कोणी परकाच तिथून आत आला होता. तो चोर शेवटपर्यंत सापडला नाही, पाटल्याही गेल्या त्या गेल्याच.

मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना हे सांगितले आणि मनात काय आले होते, तेही सांगितले. त्यांनी हातातले पातेले विसळून पालथे घातले.

"मला ठावं व्हतं दादा," त्या म्हणाल्या. "तुमास्नीच कळायचं व्हतं."

पुढे त्या थकून काम सोडेपर्यंत घराची किल्ली त्यांच्याकडेच होती.