आधी पवित्रा, मग पट्टा

नाहा (ओकिनावा) : कराटे जपानचे, असे आपण धरून चालतो. टोकियोहून विमानाने सुमारे अडीच तासांवर असलेल्या ओकिनावा बेटावर आलात, की ही समजूत लोक नम्रपणे दुरुस्त करतात. कराटे आमचे, जपानने ते आमच्याकडून घेतले, असे इथला माणूस अभिमानाने सांगतो आणि इतिहास त्याच्या बाजूने आहे.

१८७९ साली जपानने हे बेट आपल्यात सामील करून घेतले. त्याआधी शतकानुशतके इथे स्वतःचा राजा असलेले ऱ्युक्यू राज्य होते आणि चीनच्या फूजौ शहराशी त्याचा व्यापार चाले. बेटावरच्या मूळ विद्येत चिनी मुष्टिविद्येची भर पडली आणि शुरी, नाहा व तोमारी या शेजारशेजारच्या ठिकाणी तिची घराणी रुजली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू आंको यांनी ती शाळेत आणली आणि विद्यार्थ्यांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच काता बांधले. १९२२ साली फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले आणि मग कराटे जपानभर पसरले. पुढे १९४५च्या लढाईत ओकिनावा होरपळून निघाले, अनेक जाणते गुरू गेले. जे वाचले, त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. आज जगभर शिकवले जाणारे पारंपरिक कराटे या माणसांच्या चिकाटीवर उभे आहे.

इथले दोजो, म्हणजे तालमीच्या जागा, बहुधा लहान असतात. कित्येक तर गुरूच्या घराच्या तळमजल्यावरच भरतात. आत शिरताना वाकून नमस्कार करायचा, जमीन स्वच्छ करायची आणि मग सरावाला लागायचे. सरावाचे भाग तीन. ‘किहोन’ म्हणजे उभे राहणे, ठोसा, लाथ आणि अडवणूक यांची पायाभूत घोकणी. ‘काता’ म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी केलेल्या हालचालींचा ठरलेला क्रम. आणि ‘कुमिते’ म्हणजे जोडीदारासोबतचा सराव.

जीव ओततात तो कातावर. गोजू-ऱ्यू घराण्यात ‘सानचिन’ नावाचा काता आहे. त्यात मोजकीच पावले असतात, पण प्रत्येक पावलाला श्वास, पोट, मांड्या आणि खांदे एकजीव व्हावे लागतात. गुरू पाठीवर, मांडीवर तळहाताने थाप मारून ताकद कुठे गळते आहे ते तपासतात. हा काता नवशिक्यालाही दिला जातो आणि वयोवृद्ध गुरूही तोच करत असतात. कातातली प्रत्येक हालचाल कशासाठी आहे, हे पुढे जोडीदारासोबत उलगडून दाखवतात. पहिला वार आपण करायचा नाही, ही शिकवण या सगळ्याच्या मुळाशी आहे.

साधनेही जुनीच. ‘माकिवारा’ म्हणजे जमिनीत रोवलेली, वरच्या टोकाला गवती दोर गुंडाळलेली लाकडी फळी. तिच्यावर ठोसा मारताना मनगट, खांदा आणि टाच एका रेषेत आहेत की नाहीत, ते लगेच कळते. ‘चीइशी’ म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलेला दगड. आपल्या तालमीत मुद्गल फिरवतात, त्याच जातीचे हे साधन.

रंगीत पट्ट्यांची परंपरा मात्र एवढी जुनी नाही. काळ्या पट्ट्याची पद्धत ज्युदोकडून आली. फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ साली. इतोसूंच्या काळातले गुरू पट्ट्यांविनाच शिकले आणि शिकवत राहिले. स्पर्धेबद्दल इथे तिरस्कार नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्या कियुना ऱ्यो यांनी कातामध्ये सुवर्णपदक जिंकले, तो बेटाचा सण होता. पण पॅरिसच्या ऑलिंपिकमधून कराटे वगळले गेले, तरी इथला सराव थांबला नाही. तो पदकासाठी सुरूच झाला नव्हता.

महाराष्ट्रात आज अनेक शाळांत आणि सोसायट्यांत कराटेचे वर्ग भरतात. तुम्ही स्वतः किंवा तुमचे मूल सुरुवात करणार असाल, तर आधी एक पूर्ण वर्ग बाजूला बसून पाहा. शिक्षक कोणत्या घराण्याचे, कोणाकडे शिकले आणि अजून स्वतः सराव करतात का, ते विचारा. पवित्रा पक्का होण्याआधीच मुलांना लढायला उभे करत असतील किंवा अमुक महिन्यांत काळा पट्टा मिळेल अशी हमी देत असतील, तर तिथून उठा. वयाची अडचण मानू नका. गुडघे किंवा पाठ दुखत असेल, तर तसे आधीच सांगा. चांगला शिक्षक त्याप्रमाणे सराव बदलून देतो. सुरुवातीला सैल कपडे पुरतात.

आणि भिंतीवरची पदके मोजण्यापेक्षा, त्या शिक्षकाकडे दहा-दहा वर्षे टिकलेले विद्यार्थी आहेत का, ते पाहा. असा शिक्षक भेटला, तर परीक्षेची तारीख न विचारता निदान एक वर्ष त्याच्यापाशी मन लावून शिका.