ऐंशी घोड्यांचा वाडा

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूकांचा प्रासाद आहे. तो पाहायला गेलो, तेव्हा शेजारच्या चढावर एक देखणी दगडी इमारत दिसली. मधोमध कमानीचा दरवाजा, त्यावर घड्याळ आणि घुमटी. मला वाटले, घराण्यातल्या धाकट्या पातीचा वाडा असावा. जवळ गेल्यावर कळले, ही तर पागा!

चौथा ड्यूक १७५६-५७ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता. प्रासादातून दिसणारी जुनी पागा त्याने पाडली आणि १७६० च्या सुमारास जेम्स पेन या वास्तुविशारदाकडून ही नवी बांधून घेतली. त्या काळी माणसाची ऐपत त्याच्या घोडागाड्यांवरून जोखली जाई. मग पागा तरी साधी कशी असेल? दरवाज्यावर घराण्याचे मानचिन्ह आहे. त्यातली हरणे दगडी, पण शिंगे मात्र खरी!

मी स्वतः घरे बांधणारा माणूस. मला कौतुक वाटले ते आतल्या रचनेचे. सुमारे १९० फुटी चौरस, मध्ये मोकळा चौक, कोपऱ्यांवर ठेंगणे बुरूज. आपल्या चौसोपी वाड्याचीच ही तऱ्हा. चौकामुळे आतल्या बाजूनेही उजेड-वारा मिळतो, आणि पागेत वारा हवाच. घोड्याच्या मुतातून सुटणारा अमोनिया कोंडला तर जनावराची छाती बिघडते. खाली ऐंशी घोड्यांची ठाणी आणि लोहारशाळा. वरच्या मजल्यावर दाण्याची कोठारे, म्हणजे धान्याला जमिनीची ओल नाही. तिथेच पागेवरच्या नोकरांच्या खोल्या. रात्री खाली घोडा बेचैन झाला, तर वर चाहूल लागणारच.

गाडीच्या घोड्यावर स्वार होऊन गाडी नेणाऱ्या नोकराला तिकडे पोस्टिलियन म्हणतात. डेबोरा या डचेसबाईंनी चॅट्सवर्थवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे, की एका खोलीच्या दारावर ‘तिसरा पोस्टिलियन’ ही अक्षरे टिकून होती. माणसाचे नाव नाही, नुसता हुद्दा. पण तेवढी तरी खूण राहिली.

शेवटचे घोडे १९३९ मध्ये इथून गेले. पुढे इमारतीचे कोठार झाले, गॅरेज झाले. नोकरांच्या खोल्यांत प्रासादाचे कर्मचारी आणि निवृत्त मंडळी राहू लागली. १९७९ मध्ये जुन्या ठाणांत उपाहारगृह निघाले, तर १९९१ मध्ये मागच्या गाडीखान्यात अडीचशे माणसांची सोय झाली. घोडे गेले, पण भिंती कामाला लागल्या, म्हणून वाचल्या.

तिथे चहा घेताना मला आजोळचा वाडा आठवला. त्यालाही पागा होती, छोटीशी, सहा घोड्यांची. वीस वर्षांपूर्वी दुरुस्ती निघाली, तेव्हा मामांनी मलाच विचारले, “हिचं काय करायचं?” मी दिंडी दरवाजा जपा म्हणालो, दिवाणखाना जपा म्हणालो, आणि पागेकडे बोट दाखवून म्हणालो, “ही पाडा, आता घोडे कुठे आहेत?” माझा शब्द मानला गेला.

त्या पागेच्या भिंतीत खुंट्या होत्या, कोनाडे होते. मोतद्दार तिथेच निजत, असे आजी सांगायची. त्यांची नावे मी कधी विचारली नाहीत. आता सांगायला आजी नाही आणि दाखवायला भिंतही नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)