यंत्राची दृष्टि व घाटाची वाट

संगणकास चित्र दिसत नाहीं. त्यास आंकड्यांची एक लांब रांग तेवढी मिळते. ६४ आडव्या व ६४ उभ्या ठिपक्यांचें काळेंपांढरें छायाचित्र म्हणजे ४,०९६ आंकडे. प्रत्येक आंकडा ही स्वतंत्र दिशा मानली, म्हणजे तें चित्र ४,०९६ दिशांच्या अवकाशांतील एक बिंदु ठरतें. त्या अवकाशांत वाटेल तेथें बोट ठेवल्यास बहुधा नुसती धूळ दिसेल. कोडोलीचा बाजार किंवा जोतिबाचा डोंगर दिसावयाचा नाहीं. खरीं चित्रें एका पातळ, वळणावळणाच्या पापुद्र्यावरच सांपडतात.

तो पापुद्रा हुडकावा कशास, असें आमच्या पालकवर्गास वाटेल. एकाच मुलाचीं सकाळचें व सायंकाळचें अशीं दोन छायाचित्रें आंकड्यांनीं ताडलीं, तर तीं पुष्कळदां एकाच उजेडांतील दोन निराळ्या मुलांच्या छायाचित्रांहूनही एकमेकांपासून दूर भरतात. सरळ अंतर मोजणारें यंत्र मग भलत्यालाच ओळखील! पन्हाळ्याच्या घाटांत खालचें वळण वरच्या वळणापासून कावळ्यास जवळ, पण गाडीवानास लांब असतें. येथें अंतर गाडीवानाचें घ्यावें लागतें.

इ. स. २००० मध्यें टेनेनबाउम, डी सिल्वा व लँगफर्ड यांनीं एका चेहऱ्याचीं ६९८ चित्रें घेतलीं, प्रत्येक चित्र निकटच्या शेजाऱ्यांशीं जोडलें व वाटेची लांबी पावलापावलानें मोजली. तेव्हां ४,०९६ दिशांपैकीं तीनच उरल्या: मान डावी-उजवीकडे वळणें, वर-खालीं होणें व उजेडाची बाजू. आमच्या मतें खरी मेख शेजारी निवडण्यांत आहे. फार घेतले, तर दोन वळणांमध्यें खोटा पूल पडून सारा नकाशा बिघडतो. फार थोडे घेतले, तर वाटच तुटते.

चेहरा एकच, म्हणून हें साधलें. शेतें, झाडें, घरें यांच्या चित्रांचे गणितज्ञांनीं तीन बाय तीन ठिपक्यांचे तुकडेच तपासले. काळ्यापांढऱ्याचा भेद ठळक असलेल्या तुकड्यांपैकीं पुष्कळ 'क्लाइनच्या बाटली'वर बसतात, असें कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ मध्यें दाखविलें. या बाटलीस आंत-बाहेर हा भेदच नसतो. कारण पाटीवर पाहावें. अर्धी पाटी खडूनें पांढरी करून अर्धा फेरा फिरविली, तर काळें पांढऱ्याच्या जागीं येतें. मधोमध एकच रेघ ओढून फिरविली, तर पाटी जशीच्या तशी दिसते. एक प्रकार उलटतो, दुसरा उलटत नाहीं, आणि मधले प्रकार एकांतून दुसऱ्यांत हळूहळू जातात. ते सारे एकाच पापुद्र्यावर अखंड बसवावयाचे, तर त्यास असा पीळ घालावाच लागतो.