पायातले कडे

परवा माझी सहा वर्षांची मुलगी एक चित्रांचे पुस्तक पाहत बसली होती. त्यात एका करकोच्याची गोष्ट होती. पहिल्या पानावर तो युरोपातील एका घराच्या छपरावर, आपल्या घरट्यात उभा होता. मधल्या पानांवर तो डोंगर आणि वाळवंट ओलांडत होता. शेवटच्या पानावर तो आफ्रिकेतील गवतात किडे टिपत होता. मुलीने पुस्तक माझ्यापुढे धरले आणि विचारले, "अब्बा, इथला करकोचा आणि तिथला करकोचा एकच आहे, हे लोकांना कसे कळले?"

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न लहान आहे; पण त्याचे उत्तर मिळायला माणसाला शेकडो वर्षे लागली.

थंडी वाढली की थंड देशांत किडे व इतर अन्न मिळेनासे होते. म्हणून अनेक पक्षी उबदार देशांत जातात आणि ऋतू बदलला की परत येतात. यालाच स्थलांतर म्हणतात. अशा पक्ष्यांना उर्दूत आपण 'मुहाजिर परिंदे' म्हणतो. पूर्वी लोकांना हे ठाऊक नव्हते. हिवाळ्यात भिंगरी पक्षी दिसेनासे झाले, की ते तळ्याच्या चिखलात झोपले असतील, असे युरोपातील पुष्कळ लोकांना वाटे.

सन १८२२ मध्ये जर्मनीत एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत एक लांब भाला आरपार घुसलेला होता. तो भाला आफ्रिकेतील होता! जखमी करकोचा तो भाला घेऊनच एवढ्या दूर उडत आला होता. करकोचे हिवाळ्यात कोठे जातात, याचा हा पुरावाच होता. भाल्यासह जतन केलेला तो पक्षी आजही जर्मनीतील रोस्टॉक विद्यापीठात आहे.

पण प्रत्येक पक्ष्याला भाला कसा लागणार? आणि का लागावा? पक्ष्याला इजा न करता त्याची ओळख पटवता आली पाहिजे. हा मार्ग डेन्मार्कमधील एका शिक्षकाने दाखवला. त्यांचे नाव हान्स मॉर्टेनसेन. त्यांनी १८९० मध्ये साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात जस्ताची कडी घालून पाहिली. पण ती जड झाली. त्यांनी प्रयत्न सोडला नाही. १८९९ मध्ये त्यांनी अॅल्युमिनियमची हलकी कडी तयार केली. प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि गावाचे नाव कोरले. आता तो पक्षी दूर कोठे सापडला, तर सापडणाऱ्याला तो कोठून आला हे समजणार होते. पुढे जगभर हीच पद्धत रूढ झाली.

आपल्या देशात हे काम डॉ. सलीम अली यांनी मोठ्या प्रमाणावर सुरू केले. त्यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच होऊन गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने १९५९ पासून हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घातली.

आता कड्याबरोबर उपग्रहाचीही मदत मिळते. अमूर ससाणा हा कबुतराहूनही हलका पक्षी. उत्तरेकडून आफ्रिकेत जाताना तो नागालँडमध्ये थांबतो. २०१२ मध्ये तेथील दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून हजारो ससाणे पकडून विकले गेले. ही बातमी पसरली, तेव्हा गावकरी, चर्च, संस्था आणि वनखाते एकत्र आले. पुढच्याच वर्षी तेथील शिकार थांबली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर छोटी यंत्रे बसवण्यात आली. एकाचे नाव ठेवले 'पांगती'. हे त्या भागातील एका गावाचेच नाव! ते पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाताना उपग्रहाने दिसले. काल जो पक्षी केवळ शिकार होता, तो आता गावाचा पाहुणा झाला.

मित्रांनो, पायात कडे असलेला जिवंत पक्षी दिसला, तर त्याला पकडू नका. कड्याचा रंग आणि त्यावरील अक्षरे दुरून दिसली, तर लिहून घ्या. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडे दिसले, तर पक्ष्याला हात लावू नका. मोठ्या माणसांना सांगा. कड्यावरील क्रमांक, तारीख आणि ठिकाण लिहून कड्यावर दिलेल्या पत्त्यावर कळवा. तुमच्या त्या दोन ओळींमुळे एका पक्ष्याचा सारा प्रवास उलगडू शकतो.

मी हे सारे माझ्या मुलीला सांगितले. तिने पेन्सिल घेतली आणि दोन्ही पानांवरील करकोच्यांच्या पायात एकेक कडे काढले. मग दोन्ही कड्यांवर तिने एकच क्रमांक लिहिला.