ग्रहणाचा दोष नव्हे

फाटक्या ओठाचे मूल जन्माला आले की आपल्या वस्त्यांतही आईलाच विचारतात, "ग्रहणात विळी धरली होतीस का?" वस्तुतः गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आणि तोंडातील टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात सांधली जाते. तो सांधा अपुरा राहिला की हे व्यंग येते. पुष्कळदा तेव्हा दिवस गेल्याचेही बाईला कळलेले नसते. आनुवंशिकता, तंबाखू, काही औषधे यांचा संबंध आढळतो, ग्रहणाचा नाही.

आम्हाला खरी काळजी वाटते ती बाळाच्या उपासमारीची. टाळू फाटलेली असल्यास दूध ओढता येत नाही. आईचेच दूध काढून, बाळाला उभट धरून, वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. वजन भरले तरच भूल देणे सुरक्षित. १० आठवडे वय, १० पौंड वजन, १० ग्रॅम हिमोग्लोबिन हा ओठाच्या शस्त्रक्रियेचा जुना ठोकताळा आहे. टाळू साधारणतः ९ ते १८ महिन्यांत शिवतात. त्यास उशीर झाला तर मूल नाकातून बोलू लागते, आणि मग शाळेतली चेष्टा कोण थांबवणार? शस्त्रक्रियेनंतरही काहींना वाचा-उपचार लागतात.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडीत पथक आले की बाळाला पदराआड न झाकता दाखवावे.